नानांचा वन्स मोर

'रुमाल टाकला म्हणजे जागा तुझी झाली का?' असं म्हणत उभा जन्म प्रवाशांशी भांडलेले माझे वडील, एसटीचे कंडक्टर. पण मी व्हिएन्नाला निघाले त्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर त्यांनी स्वतःच खिडकीतून रुमाल टाकला. मुंबईच्या गाडीत पोरीला बसायला मिळालं पाहिजे ना! गाडी हलली तशी आईने पदर डोळ्यांना लावला आणि नाना खिडकीबरोबर चालत राहिले. "दोन वरीस. मंग घर ये," एवढंच म्हणाले.

दोनाची सात झाली. शिरपूरच्या आणि शिरपूर सोडून गेलेल्या माझ्या लोकांनो, नोकरीसाठी राहिले असं मी तुम्हाला सांगत आले. ते अर्धंच खरं. दुसऱ्या हिवाळ्यात ऑफिसातली मैत्रीण मला ऑपेराला घेऊन गेली. सगळं नाटक गाण्यातच, माइक नाही, आणि मधोमध उभी राहून एक धिप्पाड बाई अशी गायली की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. झालं, मी कामातून गेले! तेव्हापासून तिचा एकही प्रयोग सोडला नाही, आणि सगळे उभ्याने पाहिले, कारण उभ्याचं तिकीट माझ्या खिशाला परवडतं.

गेल्या वर्षी नाना मला भेटायला आले. बेत मला ठाऊक होता. शिरपूरच्या एका कॉलेजात जागा निघाली होती आणि माझ्या सहीसाठी त्यांनी अर्ज बॅगेतूनच आणला होता. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. नेमका ते आले त्या आठवड्यात रविवारी दुपारी माझ्या त्या गाणाऱ्या बाईंचा खास प्रयोग होता; त्या रंगमंचावर त्यांना पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. म्हटलं, तोंडाने सांगता येत नाही ते नानांना दाखवू तरी.

"नाना, तीन तास उभं राहावं लागेल."

"बत्तीस वरीस उभाच ऱ्हायनू ना मी!"

उभ्यांच्या जागेत पुढे कठडा असतो. त्याला स्कार्फ बांधला की जागा आपली, मग खुशाल कॉफी पिऊन या. ते पाहून नाना पोट धरून हसले. "आठे बी तेच शे का!" म्हणत त्यांनी गळ्यातला मफलर काढून पक्की गाठ मारली.

शेवटच्या अंकात बाईंनी जो सूर लावला, काय सांगू! साठीला टेकलेली बाई, पण आवाज थेट आमच्यापर्यंत, वरच्या माळ्यापर्यंत आला. मी कठडा घट्ट धरून उभी होते. गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो जरा ओसरतोय तोच माझ्या शेजारून, जत्रेतल्या तमाशाला द्यावी तशी खणखणीत आरोळी आली, "वन्स मोर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार माणसं वळून बघायला लागली. पण पलीकडची पांढऱ्या केसांची आजी, गेली कित्येक वर्षं माझ्यासारखीच उभी राहणारी, तीही ओरडली, "वन्स मोर!" मग सगळा माळा ओरडायला लागला. बाईंनी वर पाहिलं, हसल्या, वादकांकडे बघून मान हलवली आणि तेच गाणं पुन्हा गायल्या! मी रडत होते, नाचत होते, नानांचा दंड हलवत होते. नाना गाणं ऐकत होते, पण बघत माझ्याकडे होते.

ट्राममध्ये बसल्यावर त्यांनी आईला फोन लावला. "ते कॉलेजनं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरनं मन आठे लागेल शे."

माझं मन इथे लागलंय, हे नानांच्या तोंडून मला कितीतरी वर्षं ऐकायचं होतं. आणि ते ऐकलं त्या क्षणी मला शिरपूरला जावंसं वाटलं. इतकं कधीच वाटलं नव्हतं.