बिनकडीचं घर

कुलूपवाल्याला धंद्याने एक गोष्ट शिकवली होती. एकटा माणूस मेला की शेजाऱ्यांना आधी वास येतो आणि मग त्याची आठवण. मग पोलीस येतात, आणि पोलीस याला बोलावतात.

त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खाच. किल्ल्या कापायचं मशीन, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, बसायला स्टूल. दिवसभर किल्ल्या हरवलेले वेंधळे यायचे, त्यांच्याशी गप्पा व्हायच्या. पण अधूनमधून हवालदार यायचा, ‘चला काका, एक दार उघडायचंय,’ आणि हा हत्यारांची पिशवी उचलायचा. आतून कडी, टीव्ही चालू आणि खुर्चीत कुणीतरी. एकदा तर शेजारीण म्हणाली, ‘अगंबाई, मला वाटलं बाहेरगावी गेलेत!’ बाहेरगावी! हिची कपड्यांची दोरी रोज त्याच माणसाच्या खिडकीवरून जात होती. अशा डोळ्यांना काय जाळायचंय?

बायको गेल्यापासून हाही एकटा जीव सदाशिव. मुलगी लांब, तिचा फोन रविवारी. म्हणजे आपण सोमवारी पडलो तर रविवारपर्यंत पडूनच, हे त्याच्या मनातून जात नसे.

म्हणून एका मोठ्या घराविषयी कळलं तेव्हा तो दुकान बंद करून तडक बघायला गेला. जुनी कागदाची वखार होती. तिथे सहा म्हातारी माणसं राहायची. एकमेकांची कुणी नाहीत, पण ठरवून एकत्र आलेली. स्वयंपाकघर एक, खोल्या वेगळ्या, आणि कुठल्याच दाराला आतून कडी नाही. न्हाणीघरालासुद्धा नाही. बाहेर एक फळी टांगलेली, ती उलटी केली की आत कुणीतरी आहे असं समजायचं. सकाळी जो आधी उठेल त्याने चहा ठेवायचा आणि एकेक दार ढकलून विचारायचं, ‘काय, आहात का?’ आतून शिवी आली की आहेत.

‘तुमच्या धंद्याला इथे काही काम नाही हं,’ मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, घरातले सगळ्यांत जुने.

‘अहो, म्हणूनच तर आलो!’ कुलूपवाला हसता हसता खोकायला लागला.

नव्या माणसाने काही महिने राहून बघायचं, मग सगळे बसून ठरवणार. एकानेही ‘नको’ म्हटलं तर नको. कारण कुणी विचारायचं नाही.

ते महिने त्याचे फार सुखाचे गेले. दुकानातून आल्यावर तो भांडी घासायचा, आणि पलीकडच्या खोलीतली शिंपीणबाई कंबरेवर हात ठेवून म्हणायची, ‘भाऊ, घासताय की कुरवाळताय?’ हाही सोडायचा नाही. ‘तुमच्या हातची भाजी करपते म्हणून वेळ लागतो.’ भांडायला हक्काचं माणूस मिळालं, आणखी काय पाहिजे? त्याला तिथेच राहायचं होतं. तिथेच मरायचं होतं, चार माणसांच्या देखत.

आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्याने इथेच केलं.

शिंपीणबाईच्या शेजारी नर्सबाई राहायची. जन्मभर इस्पितळात लोकांचं हगणं-मुतणं काढलेलं, पण ऑपरेशननंतर स्वतःच्या पोटाला शौचाची पिशवी लागली तेव्हा लाजेने अर्धी झाली. एक दिवस ती दुकानात आली. ‘भाऊ, पिशवी बदलताना कुणी दार ढकलेल अशी सारखी धास्ती वाटते हो मला. माझ्या खोलीला आतून एक कडी लावून द्या. एवढीशी. कुणाला सांगू नका.’

भीड भिकेची बहीण. त्यातून त्याला वाटलं, बिचारीची लाज राहील, आणि खोटं कशाला बोला, ठरवायच्या दिवशी तिचा तरी होकार पक्का होईल. सगळे बाजारात गेलेले असताना त्याने कडी बसवली. एवढीशी नव्हे. ज्याला हलकं काम करता येत नाही असा कारागीर तो. चांगल्या पोलादाची, लांब स्क्रूंची.

पुढच्याच आठवड्यात सकाळी हवालदाराने त्याला कुणाचं तरी दार उघडायला नेलं. तो तिकडे असताना इकडे नर्सबाई खोलीत पडली. धप्प आवाज ऐकून शिंपीणबाई धावली, दार ढकललं, उघडेना. वखारीची जाड फळ्यांची दारं ती. सगळ्यांनी खांदे लावले, मास्तरांनी पहार आणली. इस्पितळाच्या गाडीला फोन झाला, याला फोन झाले. याचा फोन हत्यारांच्या पिशवीत मुका पडलेला. शिंपीणबाई दाराशी बसून बोलत राहिली, आतून नर्सबाई ‘हं, हं’ करत होती. नंतर तेही थांबलं.

तो आला तेव्हा इस्पितळाची गाडीही आली होती. त्याने दार उघडलं. त्याच्याइतकं लवकर ते कुणालाच जमलं नसतं. पण उपयोग शून्य, नर्सबाई गेली होती.

ठरवायच्या दिवशी त्याने काही लपवलं नाही. पिशवीचं आता सगळ्यांनाच माहीत होतं. मास्तरांनी ‘राहा’ म्हटलं, बाकीच्यांनीही मान हलवली. मग पाळी शिंपीणबाईची.

‘नको,’ ती म्हणाली.

कारण विचारायचं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. तिनेच सांगितलं. ‘भाऊ, तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत. पण तुम्ही काम फार पक्कं करता हो. तुम्ही समोर आलात की मला ती आतून ‘हं’ करताना ऐकू येते.’ आणि ती रडायला लागली. तोही रडला. तिला समजवायला गेला असता, पण कुठल्या तोंडाने?

त्याच दिवशी तो जुन्या खोलीवर परत आला. पहिलं काम केलं ते हे, की आतली कडी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला, दार सताड उघडं टाकलं आणि जिन्याकडे तोंड करून बसला. कुणीतरी वाकून बघेल, विचारेल. दोन-तीन माणसं मोबाइलमध्ये बघत उतरून गेली. मग वरच्या मजल्यावरच्यांची सून पायऱ्या उतरताना थबकली. चांगली मुलगी होती, गुणाची. तिने आत न बघताच हात लांब करून दार ओढून घेतलं.

‘काका, दार उघडं राहिलं होतं तुमचं. लावलंय हं!’

तो ‘राहू दे गं’ म्हणेपर्यंत ती खाली रस्त्यावर पोचली होती.