दिराचा पाहुणचार

साखऱ्याच्या गंगूताईच्या दारातून कुणाची गाय तशीच परत गेली, असं कधी झालं नव्हतं. तिचा वळू लाल कंधारी जातीचा. रंगानं भाजल्या विटेसारखा आणि स्वभावानं मालकिणीपेक्षा गरीब. गाय माजावर आली की लोक घेऊन येत, ती वळू सोडी, मोबदला घेत नसे. वळू द्यायला नाही म्हणणं गावात पाप समजतात. सूड घ्यायचा तर एवढी एकच अडचण होती.

सूड दिरावर घ्यायचा होता. नवरा गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा विश्वंभरनं दुभती जनावरं स्वतःकडं ठेवली आणि गाभण न राहणारी तांबडी गाय वहिनीकडं ढकलली. पंचांसमोर म्हणाला, "वांझ बाईला वांझ गाय. वाटणी बराबर झाली."

पंच हसले. त्यातले दोघं पुढं वारले. गंगूताई दोन्ही मयतींना आवर्जून गेली आणि घरी येऊन चांगली पोटभर जेवली.

तांबडी तिच्या दावणीला वर्षभरातच गाभण राहिली. झाला तो हा वळू.

इकडं विश्वंभरनं संकरित गाईंचा मोठा गोठा केला. हिंगोलीत देशी दुधाला गिऱ्हाईक निघालं, तशी त्यानं लाल कंधारीची एक कालवड आणली. डॉक्टरनं दोनदा रेतन केलं, दोन्हीदा ती उलटली, गाभण राहिली नाही. शेवटी एका दुपारी कालवडीचं दावं धरून तो भावजयीच्या दारात उभा राहिला. वाटण्यांनंतर पहिल्यांदाच.

गाईचा माज दिवसभराचा. तो उतरला की ती वळूला जवळ येऊ देत नाही आणि पुढं तीन आठवडे वाट पाहावी लागते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बसा भावजी," गंगूताई म्हणाली. "इतक्या सालांनी आले. जेवल्याबिगर कसं जाऊ देऊ?"

घरच्या माणसानं ताट नाकारणं हेही गावात पापच. तिनं पुरणाची डाळ शिजत घातली, मंद आचेवर. पुरण पाट्यावर वाटलं. पोळ्या होईतो दिवेलागण झाली आणि दिवेलागणीनंतर वळू सोडायचा नाही, असा तिचा नियम निघाला. तो त्याच दिवशी लागू झाला होता. सकाळी कालवडीनं वळूला लाथ मारली.

पुढच्या खेपेला विश्वंभर उपास सांगून आला. तिनं भगर निवडायला घेतली, एकेक दाणा. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं पोराला, रणजीतला, पाठवलं. पुतण्या पहिल्यांदा घरी आला म्हणून ती त्याला कपडे घ्यायला सेनगावला घेऊन गेली. रणजीत नव्या शर्टात परतला. कालवड होती तशीच.

यात मुक्या जनावराचा काही दोष नाही, हे गंगूताईला मान्य होतं. दर खेपेला ती कालवडीला ओंजळभर सरकीची ढेप चारी.

अखेर विश्वंभरनं कालवडीला बाजार दाखवायचं ठरवलं. तेव्हा गंगूताई स्वतः त्याच्या ओट्यावर गेली.

"बाजारात काहून नेता? वांझ हाय न्हाई का? माझ्या दावणीला शोभंल."

त्यानं सांगितली ती किंमत तिनं घासाघीस न करता दिली. पुन्हा एक भाकड जनावर वहिनीच्या गळ्यात मारलं, म्हणून तो खुशीत होता. कालवड पुढच्याच माजाला गाभण ठरली.

ती व्याली तेव्हा गंगूताईनं खरवसाचा डबा रणजीतच्या हाती दिला. "बापाला सांग, वाटणी आता बराबर झाली."

विश्वंभरनं डबा तसाच गोठ्यातल्या कुत्र्यापुढं उपडा केला आणि रिकामा परत धाडला. गंगूताईनं तो घासून फळीवर ठेवला. पुढच्या वेताला लागणार होता.