मांजर हाकलणारी शिट्टी

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून मी मांजर हाकलणारी शिट्टी करायला घेतली. आमचं घर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात. आई काठ्यांवर बोंबील वाळत घालते आणि मांजरं ते पळवतात. काही जवळ आलं की सेन्सरने ओळखायचं आणि शिट्टी वाजवायची, एवढीच कल्पना. पण माझी शिट्टी वाऱ्याने बोंबील हलले तरी वाजायची.

आठवडाभर मी कुणाला विचारलं नाही. विचारलं की मला येत नाही हे सगळ्यांना कळणार. शेवटी नेरूळला, कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांना विचारलं. त्यांनी माझ्या हातातला माऊस घेतला आणि दहा मिनिटांत सगळं पुसून गाडी पार्क करताना वाजणारा प्रोग्रॅम टाकला.

"हा पास होतो. मांजर वगैरे सोड."

मी थँक्यू म्हणाले. प्रोग्रॅम छान चालत होता, पण त्यातली एक ओळ मला कळत नव्हती. परीक्षेत विचारलं तर? नवीन काही सुचलं तरी वाटायचं, हे चुकीचंच असणार.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा मी पेनड्राइव्हवर उरलेला माझा जुना प्रोग्रॅम पुन्हा उघडला आणि बाजूच्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, "जरा बघतेस? पण हात लावू नकोस हं."

ती हात मांडीवर ठेवून बसली. "तू त्याला नक्की काय सांगितलंयस?"

सांगता सांगता मलाच दिसलं. बोंबील क्षणभर जवळ येतो नि मागे जातो, मांजर मात्र थांबतं. तीनदा मोजायचं, तिन्हीदा जवळ असेल तरच वाजवायचं! तरी जोराच्या वाऱ्यात चुकत होतं; सेन्सर बोंबलांच्याच उंचीवर बांधला होता. घरी आईला विचारलं.

"खाली बांद की गो ते. मांजर काय उडत येनार हाय?"

परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "आणि आईच बोंबील काढायला आली तर?"

आमचे सर दारातच उभे होते. "हे नाही सुचलं, सर. तुम्ही काय केलं असतंत?"

"शिट्टी बंद करायचं बटण लावलं असतं."

"आईचे हात ओले असतात," मी घाबरतच म्हणाले. "पायाने दाबायचं लावलं तर?"

त्यांनी पेन पुढे केलं. "काढून दाखव."

मार्क बेताचेच पडले. पार्किंगला जास्त मिळाले असते, असं आमचे सर म्हणाले. मिळालेही असते.