सून जिवंत आहे

पुढं मंत्री झालेल्या माणसानं मला तीन वर्षं उपाशी ठेवून छळलं आणि लोकांनी त्याबद्दल टाळ्या वाजवल्या. शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या हौशी नाटकमंडळीत तो खाष्ट सासरा व्हायचा आणि मी त्याची सून. कामाला बायका मिळायच्या नाहीत. माझा आवाज पातळ, आणि तेव्हा मला कंबरही होती! नाटक त्यानंच लिहिलेलं, गाणीही त्याचीच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी उपाशी सून जात्यावर ओवी म्हणत कोसळायची. तिसऱ्यात ती बरी व्हायची आणि सासरा तिच्या पाया पडायचा. पण जवळच्या करमाड गावातल्या प्रयोगाला दुसऱ्या अंकानंतर वीज गेली ती आलीच नाही. करमाडकरांच्या लेखी सून मेली.

काही वर्षांनी तो शाळेतली नोकरी सोडून विधानसभेला उभा राहिला. घरी बायको, दोन लेकरं. पडला असता तर नोकरीही परत मिळणार नव्हती. प्रचाराला आम्ही दोघं करमाडला गेलो. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ पाखडत होती.

"मावशी, लक्ष असू द्या," तो हात जोडून म्हणाला.

"तुझ्यावर? सुनंला उपाशी मारलंस मेल्या! ह्या गल्लीतलं एक मत नाय मिळायचं."

शेजारणींनी माना डोलावल्या. तो हसला, पण चेहरा उतरला होता. एकदम त्यानं मला पुढं ढकललं. "मावशी, सून जित्ती हाये. ही बघा."

"ह्यो? ह्याला तर मिशा हायेत!"

भर दुपारी, भर गल्लीत मी उपरणं डोक्यावरून घेतलं, मातीत बसलो आणि त्याचीच ओवी म्हटली:

दळिते दळण, जातं फिरतं गरागरा,
माझ्या उपासाची वार्ता नगं सांगू गं माहेरा.

म्हातारीचा हात सुपावरच थांबला. ती आत गेली, भाकरी आणि ठेचा घेऊन आली, आणि ताट माझ्यापुढं ठेवलं.

"मावशी, मला?" उमेदवारानं विचारलं. सकाळपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं.

"तू उभा ऱ्हा. तिचं होऊ दे आधी."

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. तीन वर्षांचा उपास होता, भाऊ!

"पाया पडलास का तिच्या?" म्हातारीनं दरडावलं.

तो पडला. राहिलेला तिसरा अंक करमाडनं त्या दिवशी पाहिला. 'उठा मामंजी' हे माझं वाक्य होतं, पण मी ते मुद्दाम लांबवलं. खालून दबका आवाज आला, "बोल की लवकर, गुडघे भाजले." मी वाकून पाहिलं तर त्याचे डोळे खरोखरच भरले होते. मग मी वाक्य म्हटलं. म्हातारीनं चौथी भाकरी दोघांत मोडली.

गल्लीनं मतं दिली. पुढं तो मंत्री झाला. मी भेटायला गेलो की दालनात दहा माणसं असली तरी तो फाईल मिटतो आणि आधी विचारतो, "जेवलीस का गं?"

त्याचा शिपाई अजून माझ्या मिशांकडे बघत राहतो.