शेंदरी रंगाखालची फट

सुपडू मिस्त्रीच्या आधीची भावंडं वाचली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं आणि तेच नाव ठेवलं. मरणाला चकवून आलेला माणूस, असं गाव म्हणायचं. गावाला बोलायला काय जातं!

दोंडाईच्याजवळच्या एका कापसाच्या जिनात तो फिटर होता आणि मी वजनकाट्यावर. त्याची एक रीत होती. छताला काहीही टांगायचं असलं, की बोल्ट बसवून झाल्यावर तो स्वतः त्याला लोंबकळायचा. बोल्टानं माणूस पेलला की नारळ फोडायचा, मगच सामान चढवायचं. कुणी शंका काढली तर म्हणायचा, "हातना काकनले आरसा कसाले?"

१९९१ साली शेठनं नवा हॉल बांधला. अंगणातला कापूस ओढून यंत्राकडे नेणारा पत्र्याचा जाडजूड पाइप त्याच्या स्लॅबखाली टांगायचा होता. एरवी सुपडू स्लॅबला आरपार भोक पाडून वरून पट्टी लावायचा. पण शेठला नवी गच्ची फोडायची नव्हती. त्यानं मुंबईहून केमिकल आणवलं. खालून भोक पाडायचं, डिंकासारखा लगदा भरायचा, त्यात बोल्ट खुपसायचा. दुसऱ्या दिवशी दगड. सुपडूनं आधी नाक मुरडलं. मग एकेका बोल्टाला लोंबकळून पाहिलं, शिवाय एक हमाल आपल्या कमरेला धरून लटकवला. काही हललं नाही, तेव्हा त्या बोल्टांनी लोखंडी प्लेटी छताला आवळून पाइप त्यांना टांगला. त्या दिवसापासून गडी केमिकलचा भक्तच झाला.

पाइपाखाली बसून बाया कापसातला काडीकचरा वेचायच्या. नव्या पाइपाखाली बसायला त्या तयार होईनात. तेव्हा या शहाण्यानं आपल्या बायकोला, लिलाबाईला, हाताला धरून आणलं आणि बरोबर मधल्या प्लेटीखाली बसवलं. "मले सोडस नही, तो बोल्ट पाइपले काय सोडी?" लिलाबाई हसली आणि वेचायला लागली. तिच्या मागून बाकीच्या बसल्या. पुढे ती जागा तिचीच ठरली.

दर दसऱ्याला जिनात यंत्रांची पूजा व्हायची. सुपडू शिडीवर चढून छताजवळच्या लोखंडी प्लेटी पुसायचा, प्लेट आणि स्लॅबमधली फट पुट्टीनं बुजवायचा आणि वर शेंदरी रंग मारायचा. पूजेला लोखंड नवरीसारखं दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. एका दसऱ्याला लिलाबाई खालून म्हणाली, "अवो, गयसालपेक्षा पुट्टी जास्ती लागनी का?"

"तू तुन्हा कापूस येच," तो म्हणाला.

गेल्या सालापेक्षा पुट्टी जास्त लागली का, इतकं सरळ विचारलं होतं बाईनं.

१९९६चा मे. सीझन संपत आला होता, स्लॅब तव्यासारखा तापला होता. भाकरी खाऊन बाया पुन्हा वेचायला बसल्या आणि पाइप पडला. कडेच्या बाया थोडक्यात वाचल्या. लिलाबाई जागच्या जागी गेली. पाइप उचलला तेव्हा तिच्या मुठीत कापूस होता.

चौकशीला धुळ्याहून साहेब आला. म्हणाला, "घटकाभर लटकून काय कळणार? ओझं वर्षानुवर्षं लोंबतं आहे, वरून छत तापतं आहे. हे केमिकल केसाकेसानं सरकत राहतं. प्लेट छतापासून सुटत गेली असणार. फट दिसली नाही कुणाला?"

सुपडूनं पडलेली प्लेट मांडीवर घेतली. काठाला पुट्टी आणि रंग, पुन्हा पुट्टी आणि रंग, असे थरावर थर चढले होते. दर दसऱ्याला फट वाढत होती आणि दर दसऱ्याला त्यानंच ती बुजवली होती. तो ते थर नखानं खरवडत बसला. मला त्याचा फार राग आला होता. ते खरवडणं पाहून रागसुद्धा उरला नाही.

शेठनं पाइप पुन्हा टांगला, या वेळी गच्ची फोडून, आरपार बोल्टांवर. तरी लिलाबाईच्या जागी कुणी बसेना. एका सकाळी सुपडूनं आपले नट आवळायचे पाने फिटरच्या खोलीत ठेवले, बायांमध्ये आला आणि तिच्या जागी मांडी घालून कापूस वेचायला लागला. मिस्त्रीकाम त्यानं पुन्हा केलं नाही.

दसऱ्याला नवा फिटर पुट्टीचा डबा घेऊन शिडी चढला. सुपडू खालून ओरडला, "पुट्टी नको लावू, भाऊ! उघडं राहू दे. मले आठेतून, खालून, फट दिसाले पाहिजे."

त्या वर्षी प्लेटी पुट्टी-रंगाविना काळ्याच पुजल्या गेल्या, आणि सुपडू वेचता वेचता मान वर करून पाहत राहिला.