दोरा नसलेलं मशीन

दूध गॅसवर होतं, नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडत होता, आणि ती ओटा पुसत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस एकतर घाईत असतो नाहीतर रागात, हा तिचा अनुभव.

"तुझी कुणी विद्यार्थिनी असेल," नवरा म्हणाला. "मोजा तिनं नेलाय का विचार."

दारात कोपऱ्यावरचे फर्निचरवाले उभे होते. कानावर पेन्सिल, हातात उशीचा अभ्रा. त्यांची मुलगी सहा महिन्यांपासून तिच्या क्लासला येत होती.

"ताई, हे तुम्ही शिकवलंत?"

तिनं अभ्रा उलटसुलट करून पाहिला. टाके वाकडे होते, ते एक वेळ चाललं असतं. पण अभ्रा चारी बाजूंनी शिवलेला होता.

"काल तिची आई म्हणाली, एवढा क्लास करतेस तर एक अभ्रा शिवून दाखव. तिनं दाखवला. आता उशी घालायची कुठून, ते तुम्ही सांगा."

ती बाजूला झाली आणि ते क्लासच्या खोलीत शिरले. भिंतीला लागून कापडं पांघरलेली सात मशीनं, आठवं उघडं. मध्ये सतरंज्या. समोरच्या फळ्यावर कालचे आकडे तसेच होते: शंभर, एकशे सहा, एकशे बारा, करत करत एकशे एकोणऐंशी. त्यांनी फळा नीट वाचला. आयुष्य मापं घेण्यात गेलेला माणूस.

"ही कुणाची मापं? माणसाची तर नाहीत. कपाट शिवताय का?"

एरवी तिला हसू आलं असतं. शंभर रुपये सहा टक्क्यांनी दहा वर्षांत किती होतात, ते होतं ते. थापा तिच्याकडे तयार असायच्या, दोन वर्षांचा सराव होता. पण आज तिला स्वतःच्याच थापांचा कंटाळा आला.

"हा शिवणक्लास नाही," ती म्हणाली. "मी मुलींना पैशाचं शिकवते. पगार कुठे ठेवायचा, कागद कसा वाचायचा, कशात पैसे घालायचे आणि कशात नाही."

आत दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला. ती हलली नाही. नवऱ्यानंच गॅस बंद केला असावा.

"मग बाहेर पाटी कसली?"

पाटीचा विषय निघाला की तिच्या कपाळाची शीर उडायची. बारा वर्षं तिनं शाळांचे गणवेश शिवून दिले होते. हाताखाली नऊ बायका, कामात कधी खोट नाही. पैशाचं सगळं थोरले दीर बघायचे. ते बोट ठेवायचे, ती सही करायची. एक दिवस कारखान्याची जागा दुसऱ्याच्या नावावर झालेली कळली, आणि त्या कागदावरही सही तिचीच होती. उरली ती ही मशीनं. मग तिनं ठरवलं की निदान दुसऱ्या मुलींनी तरी आंधळेपणानं सही करू नये. रात्ररात्र वाचलं, परीक्षा दिल्या, दारावर पाटी लावली: मुलींसाठी बचत आणि गुंतवणुकीचे वर्ग. पाच महिन्यांत दोघी आल्या, त्यातली एक सुट्टे मागायला. आया म्हणायच्या, हे शिकून पोरी हाताबाहेर जातील. वैतागून तिनं पाटी बदलली. 'शिवणक्लास' म्हटल्यावर पंधरा दिवसांत बावीसजणी.

"आणि मशीनचा आवाज येतो तो?" फर्निचरवाल्यांनी विचारलं. "माझ्या दुकानापर्यंत येतो."

"त्यात दोरा नसतो. एकीनं पायडल मारायचं, बाकीच्यांनी शिकायचं. आळीपाळीनं."

"पण आमची तर रोज मशीनवर असते. संध्याकाळी पोटऱ्या दुखतात म्हणते."

आळीपाळीची यादी भिंतीवर चिकटवलेली होती, पण ती यादी तिनं शेवटची कधी पाहिली होती? तिला त्या मुलीची फक्त पाठ आठवत होती. 'तू बस ना गं आज, मला हे समजून घ्यायचंय,' असं कुणीतरी म्हणायचं आणि ही मुकाट्यानं उठून मशीनवर बसायची. आणि ती स्वतः, फळ्याकडे वळताना, बरं झालं आज भांडण नाही, एवढाच विचार करायची.

"म्हणजे शिवणही नाही आणि तुमचं ते पैशाचंही नाही," ते सावकाश म्हणाले. "मग सहा महिने माझी मुलगी इथं काय करत होती?"

"आवाज," ती म्हणाली.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात घातली. आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"फी परत देते मी."

"फी राहू द्या. उद्यापासून ती येणार नाही. तसंही एक तारखेपासून चष्म्याच्या दुकानात लागतेय. पगाराचं तिचा मामा बघणार आहे, कसलीशी योजना आहे त्याची. कागद तयार आहेत, तिनं नुसत्या सह्या करायच्यात."

"तुम्ही वाचलेत?"

"मामा आहे तो. वाचायचं काय त्यात?"

तिच्या हातातला अभ्रा चुरगळला. रागवायचं कुणावर? मामाला तिनं पाहिलंही नव्हतं, आणि समोरचा माणूस तर वाजवी तक्रार घेऊन आला होता. जी एक गोष्ट टाळायला हा सगळा खटाटोप मांडला, तीच गोष्ट आता तिच्याच खोलीतली मुलगी करणार होती, कारण त्या मुलीला तिनंच भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं.

फर्निचरवाले दाराकडे वळले. उंबऱ्यावर त्यांनी सवयीनं चौकटीवरून हात फिरवला.

"दादा, एक ऐका," ती म्हणाली. "माझा क्लास बंद पाडा, सगळ्यांना खरं सांगा, मी काही म्हणणार नाही. फक्त सह्या करायच्या आधी ते कागद घेऊन तिला एकदा माझ्याकडे पाठवा."