माठातलं पाणी मागणारा आरोपी

बाटलीबंद पाण्याचा तो गुन्हा निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. मी तेव्हा दारव्ह्याला ठाणेदार होतो. मे महिना होता. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी एक जीपवाला सकाळीच ठाण्यात आला. त्याची मुलगी उलट्या-जुलाबांनी ग्रामीण रुग्णालयात भरती होती.

"साहेब, बाजारात बाटली घेतलती. झाकण फिरवलं त कडकड वाजलंच नाही. मले वाटलं, गरमीनं ढिलं झालं असंन."

रुग्णालयात विचारपूस केली. तशाच त्रासाचे आणखी चार रुग्ण होते आणि चौघांनीही बाजारात तेच पाणी घेतलेलं. विक्रेत्याने पुरवठादार दाखवला. त्याच्या गोदामात पंचांसमक्ष उरलेला माल जप्त केला, नमुने सील करून प्रयोगशाळेत पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. पण गोदामाच्या धुळीत नुकत्याच उचललेल्या खोक्यांच्या खुणा होत्या. तो माल कोणाच्या तोंडी लागण्याआधी मला गाठायचा होता.

ठाण्यात आणल्यावर पुरवठादार शांतपणे एकच सांगत राहिला. "माल कंपनीचाच आहे साहेब. खोके कोणाले देल्ले, ध्यानात नाही."

टेबलावर त्याच कंपनीची एक बाटली होती. ती अस्सल, यवतमाळच्या अधिकृत वितरकाकडून तुलनेसाठी मागवलेली. आमच्या हवालदारांचा शिरस्ता असा, की फिर्यादी असो वा आरोपी, आधी पाणी पुढे करायचं. त्यांनी नेमकी तीच बाटली त्याच्यापुढे सरकवली. मी अडवणार होतो, पण थांबलो.

त्याने झाकणाखालची कडी नखाने चाचपली. बाटली उलटी करून दाबली. खिडकीच्या उजेडात धरून तळ पाहिला. तारीख आणि बॅच नंबर दोनदा वाचला.

"पाणी पिऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?" हवालदार म्हणाले. "घ्या ना भाऊ."

त्याने बाटली खाली ठेवली. "मले माठातलं द्या."

मी पाहतच राहिलो. त्या बाटलीत तसूभर खोट नव्हती. पण याने नक्कल इतकी हुबेहूब साधली होती, की अस्सल बाटली हातात घेऊनही त्याला ती ओळखता येईना.

"ही कंपनीची आहे," मी म्हणालो. "तुमचाच भरवसा उडाला, तर त्या मुलीच्या बापाने काय पाहून घ्यायची होती?"

तो माठाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मारेगावकडं लग्नात गेले खोके. सांजच्या पंगतीले."

तिथल्या ठाण्याला फोन लावला. पंगत बसण्याआधी खोके अडवले गेले. मुलगी बरी होऊन घरी गेली. पुढे प्रयोगशाळेनेही पाणी दूषित असल्याचं कळवलं.

पाण्याची बाटली कशी तपासावी, हे मी त्या आरोपीकडूनच शिकलो. आजही कडी, तळ, तारीख, सगळं त्याच क्रमाने पाहतो. पण पैसे देण्याआधी दुकानदार स्वतः काय पितो, तिकडेही एकदा नजर टाकतो.